ओव्हरमामांचा अँटेना

आमचे मामा प्रत्येक वाक्याच्या शेवटी ‘ओव्हर’ म्हणत. ‘वरनात मीठ नाही, ओव्हर.’ ‘पोरगी पास झाली, ओव्हर.’ बिनतारी रेडिओवर बोलताना आपलं संपलं, आता तू बोल, हे समोरच्याला कळावं म्हणून असं म्हणायची पद्धत असते. मामांपुढं बोलायची संधी मिळायची ती एवढीच, आणि मामी ती कधी फुकट घालवत नसे. ‘मीठ हाये, तुमच्या जिभेलेच चव नाही,’ असं ती तिथल्या तिथं परतवायची. अकोल्याच्या अख्ख्या जठारपेठेत त्यांना ओव्हरमामा म्हणत, आणि त्यांना ती पदवीच वाटे.

जठारपेठेत मामांचं आणि सलीमचाचांचं रेडिओ-टेपरेकॉर्डर दुरुस्तीचं दुकान होतं. दोघं शाळेपासूनचे दोस्त. पोरासोरांच्या हातात मोबाइल आले, रेडिओ दुरुस्तीला येईनासे झाले, तेव्हा या दोन महापुरुषांना धंद्याची नवी कल्पना सुचली. ट्रकवाल्यांना आपसात बोलायला सीबी रेडिओ विकायचे! बटण दाबून बोलायचं, सोडून ऐकायचं, बिलाची भानगड नाही. ट्रकवाले यायचे, संच हातात घेऊन ‘मस्त हाये’ म्हणायचे आणि खिशातल्या मोबाइलवर बोलत निघून जायचे. शेवटी दोन संच उरले. खरं सांगायचं तर मागवलेच दोन होते.

पुढं सलीमचाचांच्या मुलानं अमरावतीत घर बांधलं आणि बापाला तिकडे राहायला बोलावलं. एवढंच झालं. पण मामांच्या लेखी अकोला सोडून अमरावतीला राहायला जाणं म्हणजे साधा गुन्हा नव्हे, देशद्रोह. भर दुकानात उभं राहून ते म्हणाले, ‘सल्या, गेला तं जलमभर तुह्यं तोंड पाहनार नाही!’ चाचाही काही कमी नव्हते. ‘नको पाहू बे. अन् मले फोनबी करू नको. केला तं उचलनार नाही.’ दुकानाला कुलूप लागलं, दोघांनी एकेक संच बगलेत मारला आणि दोन दिशांना गेले. शपथ घेताना रेडिओचं नाव मात्र दोघांपैकी एकानंही काढलं नव्हतं. विसरले म्हणे!

आता अँटेना. तो दोन प्रकारचा मिळे. एक घराच्या गच्चीवर उंच नळीवर उभारायचा, दुसरा गाडीच्या टपावर लोहचुंबकानं चिकटवायचा. संच एकच, म्हणून अँटेनाही एकच घ्यायचा. यावर मामांनी घरात चर्चासत्र भरवलं. घरावरच्याचा आवाज लांब जातो, पण घर जागचं हलत नाही. गाडीवरच्याचा आवाज जवळपासच पोचतो, पण गाडी नेऊ तिथं जाते. वीज, वारा, माकडं, सगळ्यांचा सांगोपांग विचार झाला. घरावर कितीही उंच अँटेना उभारला तरी अकोल्याहून अमरावती लागत नाही, हे जन्मभर रेडिओ उघडून बसलेल्या माणसाला कळत नव्हतं असं थोडंच आहे?

शेवटी मामी वैतागली. ‘अवो, त्याच्याशीच बोलाचं हाये ना? मंग गाडीवर लावा, अन् जा तिकडे!’

‘मी जाऊ?’ मामा उसळले. ‘सोडून तो गेला. त्यानं यावं. ओव्हर.’

आणि अँटेना गच्चीवर चढला. सलीमचाचांनी गाडीवर अँटेना लावावा, अकोल्याच्या वेशीपर्यंत यावं आणि तिथून हाक मारावी, असा तो शास्त्रीय निष्कर्ष होता.

तोवर माझं लग्न होऊन मीही अमरावतीला आले होते. (माझा देशद्रोह मामांनी जेवणाच्या पंगतीत बसून माफ केला.) चाचांचं घर आमच्या मागच्याच गल्लीत. पहिल्यांदा गेले आणि वर पाहिलं, तर तिथंही गच्चीवर तीच उंच नळी!

‘चाचा, तुम्हीपण घरावरच?’

‘तं मंग काय, मी बुढ्ढा मानूस इतक्या दूर जाऊ? त्याले म्हनावं, आन तुही गाडी.’ लगेच सावरून म्हणाले, ‘म्हनू नको काही. आमचं बोलनं बंद हाये.’

झालं! दोन गावं, दोन गच्च्या, दोन म्हातारे. रोज संध्याकाळी मामा खुर्चीत बसून ‘हॅलो अमरावती’ म्हणत. सलीमचं नाव घेणं कमीपणाचं, म्हणून एका माणसासाठी अख्ख्या शहराला हाक. उत्तराला नुसती खरखर. एकदा आभाळाच्या काय लहरीनं कुण्या परदेशी माणसाचा आवाज आला, तर मामांनी आळी गोळा केली. ‘पाह्य, रशिया लागला!’

‘रशिया लागला, अमरावतीच्या अलीकडचा बडनेरा काही लागला नाही,’ मामी म्हणाली.

मला तर दोघांनाही समोरासमोर बसवून एकेक थोबाडीत द्यावीशी वाटे. पण समोरासमोर बसतील तर ना!

मग सलीमचाचांच्या हृदयाचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी गाडी चालवायला, लांबचा प्रवास करायला कायमची बंदी केली. मी अकोल्याला गेले तेव्हा जेवताना ते सांगितलं. मामा ‘बरं’ म्हणाले आणि जेवत राहिले. हात धुताना मात्र मला विचारलं, ‘म्हंजे तो आता येऊच नाही शकत?’ मी नाही म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गच्चीवर खडखडाट. मामी खालून ओरडली, ‘अवो, काहून काढून राहिले तो?’

‘गंजला हाये. ओव्हर.’

ॲल्युमिनियम गंजत नाही. पण मामीनं त्या दिवशी पहिल्यांदाच संधी सोडली आणि डबा भरायला घेतला.

गाडीच्या टपावर नवा अँटेना लावून आम्ही निघालो. मूर्तिजापूर सुटल्यापासून मामांचं ‘हॅलो अमरावती’ सुरू झालं. बडनेऱ्याजवळ खरखरीतून एकदम आवाज आला, ‘कोन बे?’

मामांनी गाडी कडेला घेतली. बटण दाबलं आणि नुसतंच नाक ओढत राहिले.

बटण सुटल्यावर पलीकडून आवाज आला, ‘अबे वसंत्या, बटन दाबून रडाचं नसते. बॅटरी उतरते.’

‘रडून कोन राहिलं? धूळ गेली डोळ्यात. तुह्या अमरावतीची. ओव्हर.’

आता वाटेल की गळाभेट झाली. छे! मामा तत्त्वाचे पक्के. त्यांनी चाचांच्या दारापुढं गाडी लावली ती घराकडे पाठ करून, आरसासुद्धा वळवून. चाचा आत खिडकीशी, मामा बाहेर गाडीत, मधे पंधरावीस पावलं, आणि गप्पा रेडिओवर. दर रविवारी हा सोहळा. चहाचा कप चाचांची सून गाडीत आणून देई आणि पदराआड हसे.

‘अंदर ये बे,’ चाचा म्हणत.

‘तोंड पाहा लागन. ओव्हर.’

‘डोये मिटून ये.’

‘जबान दिली हाये. ओव्हर.’

दोनेक वर्षं अशी गेली. मामांना इतकं खूश मी कधी पाहिलं नव्हतं. आणि एका सकाळी चाचा झोपेतच गेले.

मी फोनवर कळवलं. मामा मामीला घेऊन आले. मामीनं नंतर सांगितलं, बडनेऱ्यापासून दारापर्यंत ते ‘हॅलो अमरावती’ म्हणत होते आणि तिला अडवायचा धीर झाला नाही. गाडी नेहमीसारखी पाठ करून लावली आणि आतच बसून राहिले. चाचांचा मुलगा गाडीच्या खिडकीशी येऊन मामांना म्हणाला, ‘चाचा, आखिरी बार चेहरा देख लो.’

मामा उतरले, आत आले, वाकून बराच वेळ पाहत राहिले. दारातून मला त्यांचं बोलणं ऐकू आलं. ‘पाह्यलं ना बे तुह्यं तोंड. मोडली शपथ. आता तं बोल. ओव्हर.’

मी इतकी रडले की शेजारच्या बायकांना वाटलं, ही घरचीच लेक आहे.

परवा अकोल्याला गेले होते. गाडी अंगणात उभी, टपावर अँटेना तसाच. मामी म्हणाली, ‘अवो, रविवारी कुठं जानं नाही, येनं नाही. गाडीवरून काढून पहिल्यासारखा घरावर तरी लावा.’

‘घरावर लावून कोनाची वाट पाहू?’ मामा म्हणाले.

मामी उत्तर द्यायला ‘ओव्हर’साठी थांबली. ते आलं नाही.