एका दाताचा फरक

बोटदुरुस्तीच्या कारखान्यात, रंगाच्या डब्यांच्या गोदामाला लागून एक अरुंद खोली होती. तिथं वाइंडरकाकू बसायच्या. जळालेल्या विजेच्या मोटारीतली काळी पडलेली तार उपसायची आणि नवी तांब्याची तार भरायची, हे काम त्यांनी एकतीस वर्षं केलं. या कामात सगळा जीव वेढ्यांच्या मोजणीत असतो. चारशेच्या जागी तीनशे ऐंशी भरले, तर मोटार महिनाभरात पुन्हा दारात येते. काकूंच्या यंत्राचा काउंटर त्यांची लेक चालायला लागली त्या साली बंद पडला होता. कुणी दुरुस्त करू का विचारलं तर त्या म्हणायच्या, "राहू दे. माझा चालू आहे."

आणि तो खरंच चालू असायचा. हात हँडल फिरवतोय, तोंड तारेच्या भावावरून दुकानदाराशी भांडतंय, आणि आकडा आपला आत पुढं सरकतोय. मध्येच कुणी हाक मारली तर काकू वळून "दोनशे सत्तावीस, बोल" म्हणायच्या.

ती लेक आता तलावावरची प्रवासी बोट चालवत होती. दोन इंजिनांची बोट. इंजिनं आत, आणि मागच्या बाजूला पाण्यात सोडलेले दोन स्टर्न ड्राइव्ह, ज्यांना कारखान्यात सगळे 'पाय' म्हणत. प्रत्येक पायात वर एक आणि खाली एक अशा गिअरच्या दोन जोड्या, आणि टोकाला पंखा. इंजिन जवळजवळ दोनदा फिरलं की पंखा एकदा फिरतो. पंख्याच्या एका फेरीला इंजिन नेमकं किती वेळा फिरतं, तो झाला त्या पायाचा रेशो.

चार महिन्यांत लेकीनं बोट दोनदा धक्क्याला घासली. दोन्ही वेळा डावीकडे. व्यवस्थापकांनी सांगून टाकलं, सोमवारी चाचणी. बोट सरळ आली तर ठीक, नाहीतर चाक दुसऱ्याच्या हातात.

"आई, मी नियमानं दोन्ही इंजिनांच्या फेऱ्यांचे काटे सारखे ठेवते," लेक जेवताना म्हणाली. "पण चाक सोडलं की सात मोजेपर्यंत बोट डावीकडे वळायला लागते."

"सात?"

"कधी आठ."

काकूंनी घास तसाच हातात धरला. "हे कधीपासून?"

"मी चाक घेतलं तेव्हापासून. त्याच आठवड्यात उजवा पाय बदलला होता, बाहेरून दुरुस्त करून आणलेला."

वार्षिक सफाईसाठी दोन्ही पाय सध्या काढलेलेच होते. दुसऱ्या दिवशी काकू डब्याच्या सुट्टीत थेट फोरमनच्या शेडमध्ये गेल्या. दोन्ही पाय लोखंडी स्टँडवर उभे होते.

"यांचे रेशो सारखे आहेत का?"

"काकू, पायावर ठोकलेल्या पट्टीवर लिहिलंय की. दोन्हीकडे एकच आकडा," फोरमन म्हणाला.

"पट्टी बाहेर आहे. गिअर आत आहेत."

फोरमन हसला, पण माणूस वाईट नव्हता. त्यानं दोन्ही पायांचे इंजिनाला जोडायचे वरचे दांडे पान्यानं फिरवले आणि पंख्याची एकेक फेरी करून दाखवली. "बघा. हा दोनला जरा कमी, तोही दोनला जरा कमी. लेकीची माया समजू शकतो मी, पण तिचा हातच डावीकडे जातो त्याला काय करणार?"

काकूंना ते लागलं. पण त्या दांड्याकडेच बघत होत्या. पान्याला मागंपुढं हलवलं तर दांडा थोडा नुसताच हलत होता, पंखा जागचा हलत नव्हता. गिअरच्या दातांत मोकळीक होती. एका फेरीतला बारीक फरक ती मोकळीक सहज गिळून टाकत होती.

"एका वेढ्यावरून मी आजवर मोटार ओळखली नाही," त्या म्हणाल्या. "शंभर फेऱ्या करू. तुम्ही पंखा मोजा, मी दांडा फिरवते."

"शंभर? जेवायचंय मला."

"मग लवकर खडू द्या."

त्यांनी आधी दांडा एकाच दिशेनं फिरवून मोकळीक काढून घेतली, मग पंख्याच्या पात्यावर आणि दांड्यावर खडूची रेघ मारली आणि सुरुवात केली. पाचसात कामगार डबे घेऊनच भोवती जमले. कुणी मुद्दाम फोन नंबर ओरडू लागलं, कुणी पाढे. वेल्डर म्हणाला, "काकू, तुमचं वय किती?"

"तुझ्या अकलेच्या दुप्पट. हात काढ तिथून."

तेवढ्यात फोरमनचा चेहरा पडला. "माझं... बासष्ट की त्रेसष्ट?"

"त्रेसष्ट," काकू न थांबता म्हणाल्या. "तुमचंही मीच मोजतेय. चला पुढं."

शेडमध्ये हशा पिकला, आणि त्यानंतर नंबर ओरडायचं सगळ्यांनी सोडलं. डाव्या पायाच्या शंभर फेऱ्यांना दांडा एकशे पंच्याण्णव वेळा फिरला. बरोब्बर. मग उजवा. काकूंच्या मनगटाला रग लागली होती, पण त्यांनी हात बदलला नाही. पंख्याची रेघ शंभराव्यांदा जुळली तेव्हा दांड्याच्या एकशे पंच्याऐंशी फेऱ्या झाल्या होत्या आणि वर पाऊणला जरा कमी.

फोरमन वाकून खडूची रेघ बघत राहिला.

काकूंनी जमिनीवर खडूनं भागाकार मांडला. दोनदा तपासला. "एकवीसला वीस," त्या म्हणाल्या. "तुमच्या डाव्या पायात एखादा गिअर एकवीस दातांचा असेल, तर उजव्यात तोच वीस दातांचा आहे. उजवा पंखा जास्त फिरतोय, म्हणून बोट डावीकडे ढकलली जाते."

"न उघडता दात सांगताय?"

"उघडा की मग."

फोरमननं डबा बाजूला ठेवला. दोन्ही पायांची वरची झाकणं निघाली, तेल निथळलं. त्यानं प्रत्येक दातावर बोट ठेवून मोजलं. डावीकडे एकवीस. उजवीकडे मोजून झालं. पुन्हा पहिल्यापासून मोजलं.

"वीस," तो शेवटी म्हणाला. बाहेरच्या कारागिरानं हाताला आली ती गिअरची जोडी बसवली होती आणि वर जुनीच पट्टी ठोकून दिली होती. फोरमननं कपाळावरचा घाम पुसला, तेलाचा पट्टा उमटला. "काकू, चार महिने पोरीला मी बोल लावला."

"मला काय सांगता? तिला सांगा."

काढून टाकलेल्या जुन्या पायातली एकवीस दातांची जोडी भांडारात शाबूत निघाली. शनिवारी ती बसली.

सोमवारी व्यवस्थापक लेकीच्या शेजारी उभे राहिले, फोरमन आणि काकू मागच्या बाकावर. फोरमन चढतानाच लेकीला म्हणाला होता, "चूक माझी होती, बाई. हात तुझा सरळच होता." तलावाच्या मध्यावर लेकीनं दोन्ही काटे सारखे केले आणि चाकावरून हात काढून मांडीवर ठेवले.

"आई, मोज."

काकू मोठ्यानं मोजू लागल्या. सात आला. आठ गेला. व्यवस्थापक आधी चाकाकडे बघत होते, वीसनंतर समोरच्या धक्क्याजवळच्या पाण्याच्या टाकीकडे बघायला लागले. टाकी बोटीच्या नाकासमोरून हलेना. चाळीसला फोरमनही सोबत मोजायला लागला. व्यवस्थापकांनी खिशातला चाचणीचा कागद काढला, तळहातावर ठेवून सही केली.

"साठ," काकू म्हणाल्या. "बास झालं. आता धर ते चाक, धक्का आला."