मे महिन्याचा लिलाव

आमच्या मंडळीतली माणसं कंजूष आहेत असं बाहेरचं कोणी म्हणालं तर मी भांडायला उठेन. ती कंजूष नाहीत, भित्री आहेत. पैसे द्यायला भीत नाहीत, पैसे देऊ असं लिहून द्यायला भितात. हा फरक मला कळला तो घरोघर फिरून पायाचे तुकडे पडल्यावर.

मंडळी म्हणजे नागपुरातल्या आमच्या जुन्या चर्चची मंडळी. उंच छत, त्याहून उंचावर लटकणारे पंखे, आणि प्रत्येक घराचा ठरलेला बाक. काही वर्षांपूर्वी एका रविवारी पाळकसाहेबांनी उपदेश संपल्यावर दोनदा घसा साफ केला आणि सांगितलं की वरच्या ऑफिसातून निरोप आलाय. पाळकाच्या पगारातला आपला वाटा मंडळीनं नेमानं उचलला नाही, तर त्यांची बदली होईल. मग कन्हानकडचे पाळक महिन्यातून एक रविवार येऊन जातील. तेव्हा प्रत्येक घरानं संकल्पपत्र भरावं, येत्या वर्षात किती देणार ते लिहून सही करावी. स्वतःच्याच पगाराबद्दल बोलावं लागल्यानं त्यांचे कान लाल झाले होते.

लोकांना उत्तेजन देण्याचं काम कमिटीनं माझ्यावर टाकलं. त्याचं कारण माझी भक्ती नव्हे, माझा आवाज. मी जन्मभर शाळेत पी.टी. शिकवली. मैदानाच्या त्या टोकाला बूट काढून बसलेली मुलगी माझ्या हाकेनं उभी राहायची. कमिटीला वाटलं, हिचा आवाज ऐकून माणसं मुकाट्यानं सह्या करतील.

कशाच्या सह्या! ज्या घरी जावं तिथं चहा, चिवडा, चौकशी, सगळं साग्रसंगीत. संकल्पपत्र पुढं केलं की मात्र सगळ्यांचे चष्मे हरवायचे. एका बाईंनी माझ्या हातात नोट कोंबली आणि कागद परत केला. दुसऱ्या घरी तो कागद चहाच्या कपाखाली गेला. तिसऱ्या बाकावरचे काका, रेल्वेतून गार्ड म्हणून निवृत्त झालेले, त्यांनी तर हातच जोडले.

"ताई, पैसे मागा, जमलं त देतो. सही नाही मागायची."

"काहून?" मीही चिडून त्यांच्याच भाषेत विचारलं.

"देवाच्या कागदावर सही केली अन् नाही जमलं त? त्याच्या कोर्टात वकील नाही भेटत."

या काकांबद्दल थोडं सांगायला हवं, कारण पुढं ते लागणार आहेत. दरवर्षी आमच्याकडं कापणीचा सण होतो. लोक पहिलं पीक देवाला आणतात आणि उपासनेनंतर त्याचा लिलाव होतो. आता आमच्यात शेती कोणाकडं उरली आहे? आदल्या दिवशी कॉटन मार्केटातून भोपळा घासाघीस करून आणायचा आणि दुसऱ्या दिवशी तो वेदीसमोर असा ठेवायचा की जणू आपणच निंदण-खुरपण केलं. या लिलावात प्रत्येक वस्तूवर पहिली बोली काकांची. "धा रुपये!" मग भोपळा असो की केक की जिवंत कोंबडा. बोली वर गेली की काका पंख्याकडं पाहू लागत. इतक्या वर्षांत त्यांनी एक लिंबू घेतलं होतं, तेही दुसरं कोणी बोललं नाही म्हणून. तेव्हा त्यांचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता.

पण सगळ्यात मोठा धक्का मला माझ्या घरात बसला. माझ्या सासूबाई मिशनच्या दवाखान्यात नर्स होत्या. मरणाबद्दल त्या भाजी निवडता निवडता बोलतात. स्वतःच्या दफनाला कोणती गीतं गायची, कोणाला रडू द्यायचं नाही, हे त्यांनी केव्हाच ठरवून ठेवलंय. आणि दफनविधी याच पाळकसाहेबांनी करायचा, हेही.

"मले हेच पाहिजेत," त्या म्हणाल्या. "त्या कन्हानवाल्यायची प्रार्थना ऐकली काय वं तू? मयताची पेटी धरणाऱ्यायचे खांदे उतरतीन, पण आमेन नाही येणार."

"मग भरा संकल्पपत्र," मी पेन पुढं केलं.

"अन् मंधातच गेली त? देवाघरी बाकी ठेवून जाऊ काय? तो दारातच विचारंल, बाई, कबूल केलं होतं त्याचं काय झालं?"

म्हणजे ज्या बाईला हे पाळक सगळ्यात जास्त हवे होते, तीच सही करायला तयार नव्हती. मी ते पेन टेबलावर आपटलं. त्याचं टोपण आजतागायत सापडलेलं नाही.

अशा अवस्थेत कापणीचा सण आला. लिलाव पुकारायचं काम माझंच असतं. शाळेतली शिटी गळ्यात अडकवून मी उभी राहते आणि तिसऱ्या पुकाराला शिटी वाजली की वस्तू विकली. त्या दिवशी भोपळ्याचं काय झालं ते ऐका. एकानं तो बाजारभावाच्या कितीतरी पट देऊन घेतला आणि आमच्या पद्धतीप्रमाणं "पुन्हा लिलावाला" म्हणून परत ठेवला. दुसऱ्यानं त्याहून जास्त देऊन घेतला, परत ठेवला. तिसऱ्यानंही तेच. भोपळा जागचा हलला नाही आणि तीन घरांची पाकिटं हलकी झाली. ही तीच माणसं, ज्यांचे माझ्यापुढं चष्मे हरवले होते! माझ्या डोक्यात तिडीक गेली.

तेवढ्यात कोणीतरी दिलेलं नव्या वर्षाचं कॅलेंडर माझ्या हातात आलं. मी पुकारलं. काकांचे "धा रुपये" झाले आणि पुढं सगळी शांतता. बरोबरच आहे, कॅलेंडर किराणावाला फुकट देतो. काका लिंबाच्या आठवणीनं कावरेबावरे होऊ लागले. आणि मी भडकले. जानेवारीचं पान टर्रकन फाडलं आणि ओरडले, "कॅलेंडर नको ना? मग महिना घ्या! जानेवारी! पाळकसाहेबांच्या पगारातला आपला वाटा, जानेवारी महिन्याचा. बोला, कोण घेतो?"

पाळकसाहेब खुर्चीतून अर्धे उठले. मला वाटलं, आता मला मंडळीतून काढणार. पण मागच्या बाकावरून आवाज आला, "जानेवारी आमचा! पोराचं लग्न आहे." लगेच दुसरे म्हणाले, "अरे वा, आमच्या घरी दोन वाढदिवस आहेत जानेवारीत." आणि बोली चढली. डिसेंबरसाठी तर दोन सख्खे भाऊ एकमेकांवर डोळे वटारून बसले. त्यांचं दोन दिवस बोलणं बंद होतं.

मी नंतर एकाला विचारलं, की बाबा, हेच तर मी कागदावर मागत होते. तो म्हणाला, "नाही ताई. ते वचन होतं. ही खरेदी आहे. खरेदीत उधारी चालते." यावर कोणता धर्मपंडित काय बोलणार?

त्या लिलावात अकरा महिने खपले. राहिला मे. मे कोणाला नको होता. नागपूरचा मे, कूलरचं बिल, पाण्याच्या टँकरची वाट, शिवाय शाळेच्या फियांची तयारी. मी तीनदा पुकारलं. काकासुद्धा दहा रुपये बोलेनात.

तेव्हा पुढच्या बाकावरून एक काठी वर आली. सासूबाईंची.

"दे इकडं. पोरक्यासारखा राहिला बिचारा." मी शिटी वाजवायची विसरले.

घरी आल्यावर त्यांनी मेचं पान देव्हाऱ्यात ठेवावं तसं बायबलात ठेवलं आणि त्याच क्षणी त्यांना आपण काय केलं ते कळलं. "आता मेपर्यंत राहावं लागते," त्या काळजीनं म्हणाल्या. पेन्शनीतून त्या दरमहा बाजूला काढू लागल्या. फेब्रुवारीत छातीत कफ भरला, ॲडमिट केलं, डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून तोंड पाडून सांगितलं. आत गेले तर सासूबाई सिस्टरला दम देत होत्या, "सलाईन नीट लाव वं. माहा मे बाकी आहे." मेमध्ये भर उन्हात, डोक्याला ओला टॉवेल बांधून, ऑटोनं जाऊन त्यांनी पाकीट दिलं. परत येऊन पडल्या आणि म्हणाल्या, "आता मोकळी."

पण कापणीच्या सणाला मे पुन्हा उरला आणि काठी पुन्हा वर गेली. असं दरवर्षी. पाळकसाहेब राहिले, सासूबाईही राहिल्या. त्यांना भीती होती की वचन पुरं होण्याआधी मरण येईल. मला हळूहळू कळलं की वचन बाकी आहे म्हणून त्या मरायला तयार नाहीत. मी आयुष्यात कोणत्याच कागदाचे इतके उपकार मानले नाहीत.

यंदा मात्र त्यांना खुर्चीत बसवून चर्चमध्ये न्यावं लागलं. चार महिन्यांत अंगावरचं सगळं मांस उतरलंय. जेवण दोन घासांवर आलंय. मी नेहमीसारखं जानेवारीचं पान फाडलं, वर धरलं, आणि तोंड उघडायच्या आत काठी वर आली.

"यंदा मले जानेवारी दे."

पाळकसाहेबांनी मान खाली घातली. नर्स बाई ती, तिला स्वतःचा हिशेब कळत होता. जन्मभर मैदान गाजवलेला आवाज, आणि त्यातून शब्द फुटेना. मग जे फुटले ते वेदीसमोर उभं राहून, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत, जानेवारीचं पान हातात धरून:

"जानेवारी विकला गेला आई."

"कोणाले? आता त फाडला तू."

मी शिटी चाचपडत उभी राहिले. तेव्हा तिसऱ्या बाकावर काका उभे राहिले. दहा रुपयेवाले काका.

"मले विकला," ते म्हणाले. "कालच बोलून ठेवलं होतं ताईले. पूर्ण वाटा." आणि ते पंख्याकडं न पाहता थेट सासूबाईंकडं पाहत राहिले.

"मग फेब्रुवारी दे."

"आमचा," मागून कोणीतरी म्हणालं. "मार्च आमचा," दुसरं. एप्रिल तर दोघांनी एकदमच घेतला. मे सोडून जून ते डिसेंबरही गेले. कोणी बोली लावत नव्हतं, नुसते महिने घेत होते. माझे डोळे इतके भरले होते की कोण बोलतंय ते मला दिसलंच नाही.

"मग काय राहिलं वं?"

"मे, आई."

"मे?" त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या. "एवढ्या लांब?"

"तोच उरलाय."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं, काकांकडं पाहिलं, सगळ्या मंडळीकडं एकदा नजर फिरवली. त्यांना सगळं समजलं होतं. मग हात पुढं करून त्यांनी पान घेतलं, घडी घातली, बायबलात ठेवलं.

"बरं," त्या कुरकुरल्या. "त्या ऑटोवाल्याले आतापासून सांगून ठेव. मे महिन्यात तो दुपारचा येत नाही."