नऊ मुठी, चार मुठी

शांतता विकत मिळते हे जळगावात राहून मला माहीत नव्हतं. रोनकने रिंगरोडवर चहाघर काढलं तेव्हा कळलं. चपला बाहेर काढायच्या, कुजबुजत बोलायचं, आणि कोपऱ्यात दगडावरून ठिबकणारं पाणी ऐकत बसायचं. मला तरी ते ऐकून आमच्या मोरीतला नळ आठवला.

माझी मावशी लताबाई तिथे शांतता घ्यायला गेली नव्हती. ती भांडायला गेली होती, आणि स्कूटीवर बसवून मीच तिला नेलं.

मावशी यावलची. लहानपणी कडबा कापायच्या यंत्रात डाव्या हाताची दोन बोटं गेली, म्हणून लग्न लांबलं आणि मग राहिलंच. तेहतीस वर्षं तिने रोनकचे आजोबा दीपचंदशेठ यांच्या दुकानात खुल्या चहाचं मिश्रण केलं. शेठ गल्ल्यावर, चहात हात मावशीचा. उजवा हात जाड दाण्याच्या गोणीत, डावा बारीक भुकटीच्या. एकाचा कण दुसऱ्यात जाऊ नये म्हणून हात कधी बदलायचा नाही. नऊ मुठी दाणा, चार मुठी भुकटी. वजनकाट्याकडे तिने कधी पाहिलं नाही. एखादी गोणी कुबट निघाली की शेठलाही सुनवायची, आणि शेठ गुमान गोणी परत पाठवायचे.

शेठ गेले. रोनकने दुकान बंद केलं, मावशीच्या हातात एक साडी ठेवली आणि म्हणाला, आता आराम करा. वर्षभराने त्याच्या चहाघराचं कार्ड मी तिला फोनवर वाचून दाखवलं. त्यावर होतं, 'दीपचंद मिश्रण, दादाजींच्या हातचं.' मावशीला दोन दिवस जेवण गेलं नाही.

"हात माहा अन् नाव त्याचं," एवढंच ती म्हणायची. कार्डावर आपलं नाव यावं, बाकी तिला काही नको होतं.

पण भांडण सुरू व्हायच्या आधीच रोनक स्वतः चहा घेऊन आला. तिचे गुडघे धरतात म्हणून त्याने कुठूनतरी खुर्चीही आणवली.

"मावशी, तुम्ही आलात ते बरंच झालं," तो म्हणाला. "जुनी गिऱ्हाइकं म्हणतात, ती चव नाही. तुमच्या नऊ आणि चार मुठी मी तेव्हाच लिहून घेतल्या होत्या. तसंच करतो. बघा ना, कुठे चुकतंय?"

मी एक घोट घेतला. काळाकुट्ट, कडूजहर. मावशीनेही घेतला, आणि हळूच डावा हात पदराखाली ओढला. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. भुकटीच्या चार मुठी खऱ्याच, पण त्या तीन बोटांच्या हाताच्या. हा शहाणा पाच बोटांनी भरत होता.

एका वाक्यात सांगून झालं असतं. मावशीने सावकाश सगळा कप संपवला.

"बराबर आहे," ती म्हणाली. "असाच राहू दे."

खराब चहाला तिने बरं म्हटलेलं मी आयुष्यात ऐकलं नव्हतं. मला आनंद झाला, लपवत नाही. बसू दे मेल्याला गिऱ्हाइकांची वाट बघत.

रोनकचा चेहरा खुलला. "मग नवीन कार्डांवर तुमचं नाव टाकतो. 'लताबाईंच्या हातचा चहा.' खरं तर आधीच टाकायला हवं होतं, चुकलंच माझं."

तो मनापासून बोलत होता. मावशी रिकाम्या कपातल्या गाळाकडे पाहत राहिली. पदराखालचा हात बाहेर आला, आता सांगेल असं मला वाटलं.

"माहं नको," ती म्हणाली. "तुह्या आजोबाचंच राहू दे."

बाहेर मी चिडून विचारलं, "अगं, त्यासाठीच आलो होतो ना आपण?"

"असल्या चहाले माहं नाव कसाले?" ती म्हणाली.

स्कूटीवर मागे बसून ती घरापर्यंत रडली. रोनकचा इतका राग मला कधीच आला नव्हता, आणि त्या दिवशी त्याने काहीच वाईट केलं नव्हतं.