चौकशीआक्का आणि चोंबडा फोन

आमच्या इंदुरीत आक्कांच्या ओट्यासमोरून उत्तर न देता पुढे गेलेला माणूस माझ्या पाहण्यात नाही. "कुटं निघाला? पिशवीत काय हाय? धाकटीचं जमलं का?" असे प्रश्न त्या एका दमात विचारत आणि उरलेला प्रश्न डोळ्यांनी विचारत. गावाने त्यांचे नाव 'चौकशीआक्का' ठेवले होते. ते त्यांना ठाऊक होते आणि आवडतही होते. "खोटं काय हाय त्यात? मला लागतंच समदं!"

तळेगावच्या शाळेतून निवृत्त झाल्यावर मी सकाळचा चहा त्यांच्या ओट्यावर घेऊ लागलो, तेव्हा या चौकशीलाही शिस्त आहे असे माझ्या लक्षात आले. आक्का जे विचारत ते समोर बसवून विचारत. दाराआडून ऐकणे त्यांना कमीपणाचे वाटे. दुसऱ्याचे विचारण्याआधी त्या स्वतःचे काहीतरी सांगत, मग तो गुडघा असो की जावयाचा हट्ट. आणि कोणी "हे कुणाला सांगू नका" असे म्हटले, की ती गोष्ट तिथेच थांबे. मात्र हे वाक्य उच्चारावे लागे. "नको म्हणला न्हाईस, तर मी सांगनारच," असे त्या आधीच बजावत.

शेजारच्या हौसाबाईंची सून सारिका हिने एकदा ते वाक्य उच्चारले. सारिका पोलीस भरतीची तयारी करत होती आणि सासूला त्याचा पत्ता नव्हता. नवरा वराळ्याच्या कारखान्यात पाळीला जाई. त्याची संमती होती, पण आईपुढे बोलायची हिंमत नव्हती. हौसाबाईंनी पूर्वीच सांगून टाकले होते, "माझ्या घरातली सून खाकी घालून फिरनार न्हाई." भरतीच्या वयाची मर्यादा जवळ आली होती, म्हणजे संधी ही एकच. दुपारी शिवण शिकायच्या निमित्ताने ती आमच्या घरी येई. माझी पत्नी मशीन चालवत राही आणि मी सारिकाला शेकडेवारी शिकवीत असे. पहाटे गवत आणायला म्हणून ती इंद्रायणीकाठच्या वाटेला जाई आणि धावण्याचा सराव करी.

आक्कांनी हे ओळखले नसते तरच नवल. "घाम एवढा आन् भारा येवढुसा? काय करतीस गं पोरी नदीवर?" सारिकाने खरे ते सांगितले आणि लगेच म्हणाली, "आक्का, निकाल लागेपर्यंत कुणाला सांगू नका." आक्का म्हणाल्या, "संपलं. पन निकाल मला पैला सांगायचा."

त्यानंतर महिनाभर त्यांची जी अवस्था झाली, ती मी पाहिली आहे. हौसाबाई समोर आल्या की आक्का तोंडात सुपारी टाकून घेत!

आणि एका सकाळी हौसाबाई फोन घेऊन ओट्यावर आल्या. "आक्का, माज्या फोनला येड लागलंय बघ. मी भजन लावती, तर खाली ह्या पोरी पळत्यात. कोन तरी मिशीवाला वरडतोय, भरतीला या म्हनून. माज्या घरात काय चाललंय का? तुला ठावं असनार."

मी चहाचा कप खाली ठेवला. सारिका शेजारच्या दारातून पाहत होती. तिच्या डोळ्यांत आक्कांविषयी जो संशय उमटला, तो मलाही दिसला. आक्कांना तर दिसलाच. पण त्या क्षणभरही थांबल्या नाहीत.

"आगं, ते माझं हाय," त्या म्हणाल्या. "तू चा ठेवाया गेलीस की मीच बघत बसती तुज्या फोनवर. लय आवडतंय मला, पोरी पळत्यात ते."

"तुला? ह्या वयात?"

"का? गोळा टाकीन मी अजून!"

हौसाबाई इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. दुपारपर्यंत ही बातमी पाराजवळच्या दुकानात होती आणि संध्याकाळी दुधाला निघालेली माणसे ओट्याकडे पाहून विचारत होती, "आक्का, ग्राउंडला कधी जाताय? फौजदार व्हनार म्हनं!" आयुष्यभर गावाची चौकशी करणाऱ्या बाईची गावाने मनसोक्त चौकशी केली. त्यांनी एकालाही खरे सांगितले नाही.

मला मात्र त्यांनी घरी येऊन गाठले. "गुरुजी, मी फुटले न्हाई. तुमी फुटला न्हाई. मग फुटलं कोन?"

मी सासू-सुनेचे दोन्ही फोन पाहिले आणि उलगडा झाला. आपल्याकडे फोन घेतला की दुकानदारच तो सुरू करून देतो. त्याने हौसाबाईंच्या घरातल्या सगळ्या फोनवर एकच खाते घातले होते. सारिका आपल्या फोनवर जे शोधी, ते त्या खात्याच्या नावे जमा होई, आणि त्यावरून निवडलेले चित्रफितींचे ताट सासूच्या फोनवर वाढले जाई. खाते म्हणजे एक माणूस, अशी कंपनीची समजूत. आपल्याकडे खाते म्हणजे अख्खे घर. मी सारिकाच्या फोनवर तिचे वेगळे खाते उघडून दिले. सासूच्या फोनवरचा जुना माग पुसायचे कामही तिने शिकून घेतले.

"म्हंजे चार तोंडांना एकच कान लावला व्हय त्यानं," आक्का म्हणाल्या. "पन त्या कंपनीनं सांगायचं कशापायी?"

"मुद्दाम सांगितलं नाही तिनं, आक्का. आपण नको म्हटलं नव्हतं, म्हणून ती धरून चालली की चालतं."

आक्का हळू आवाजात म्हणाल्या, "ह्ये तर माझंच वाक्य की गुरुजी." आणि थोड्या वेळाने मान वर करून, "पन मला नको म्हनायला माझा ओटा हाय. तिला नको म्हनायला कुटं जायचं?"

मी त्यांना कंपनीचे गोपनीयतेचे धोरण वाचून दाखवू लागलो. दुसऱ्या पानावर त्यांनी हात वर केला. "पुरं. सरळ इचारल्यावर इतकं लांबन लावनाऱ्याला मी ओट्यावर बसू देत न्हाई."

मी शिक्षक, दुसरी बाजूही मांडणे मला भाग होते. लोणावळ्याची लेक त्यांना रोज संध्याकाळी अशाच फोनवर दिसे, नातू बोबडे बोले, याची मी आठवण करून दिली. या कंपन्या बदलत्या नियमांमुळे का होईना, आता खाते पाहण्याची, माग पुसण्याची सोय देतात, हेही सांगितले. आक्कांनी ते मान्य केले. "फोन टाकून द्या असं कुटं म्हनती मी? पावना हाय तो. चा द्यायचा, गप्पा मारायच्या. माजघरात न्हाई घ्यायचा." या कंपन्यांवर विश्वास ठेवावा की नाही, या प्रश्नावर मी बरीच कात्रणे जमवली आहेत, पण याहून नेमके उत्तर मला त्यांत सापडलेले नाही.

मैदानी चाचणीला सारिका सुदुंबऱ्याला माहेरी जाते असे सांगून गेली. लेखी परीक्षेत शेकडेवारीची सगळी उदाहरणे सोडवून आली. आणि अंतिम यादी लागली, त्या सकाळी ती धावत आली, नदीकाठी धावे तशी, पदर कमरेला खोचून! आमच्या दारावरून ती सरळ ओट्याकडे गेली.

"आक्का, आता सांगा!"

आक्का उठल्या. गुडघा विसरून उठल्या. पण त्या पाराकडे गेल्या नाहीत. सारिकाचा हात धरून हौसाबाईंच्या स्वयंपाकघरात गेल्या. मीही मागोमाग गेलो. हौसाबाईंनी सगळे ऐकून घेतले. भाकरी तव्यावर करपली तरी त्यांचे लक्ष गेले नाही. मग त्यांनी सुनेला नखशिखांत न्याहाळले आणि विचारले, "गोळा कुटवर टाकलास?" सारिकाने सांगितले. "बरा टाकलास," हौसाबाई म्हणाल्या आणि डोळ्यांना पदर लावला. मग आक्कांकडे वळून, "माझा फोन शहाना निघाला गं! त्यानं मला आदीच सांगितलं व्हतं."

"शहाना न्हाई, चोंबडा!" आक्का कडाडल्या. आणि मग त्या जी बातमी घेऊन निघाल्या, ती गढीपासून नदीच्या घाटापर्यंत एकही उंबरा न वगळता पोहोचवूनच परतल्या. इतका आनंदी माणूस मी क्वचितच पाहिला आहे.

गेल्या थंडीत आक्का गेल्या. ओटा आहे, पण तिथून आता बिनचौकशी जाता येते, आणि माझी पावले तरीही तिथे मंदावतात. फोन मला अधूनमधून परवानगी मागतो. मी लगेच होकार देत नाही. कोण विचारते आहे, कशासाठी, आणि नको म्हणायचे तर कुठे, हे आधी शोधतो.

हे व्यक्तिचित्र लिहायला घेतले तेव्हा पहिली अडचण हीच होती. गोष्ट आक्कांची असली, तरी गुपित सारिकाचे. म्हणून परवा मी तिला फोन केला. ती ड्यूटीवर होती. मागे वायरलेसची खरखर ऐकू येत होती. मी सगळे वाचून दाखवले, हौसाबाईंची करपलेली भाकरीसुद्धा. पलीकडे ती हसली.

"गुरुजी," ती म्हणाली, "आता सांगा."