फ्रिजवरची इंग्रजी

हुंग सु-झूला इंग्रजी येते, हे ताइनानच्या त्या मासळीबाजारात सगळ्यांना ठाऊक होतं. सहावीत शाळा सुटलेली, नवरा गेल्यापासून एकटीनं माशाच्या पेजेची गाडी ओढणारी बाई, पण घरी गेली की इंग्रजीतून बोलते म्हणे.

"आज काय झाडलीस गं इंग्रजी?" मासे सोलता सोलता शेजारीण विचारायची.

"टेक आउट द गार्बेज."

"म्हणजे?"

"कचरा टाकून ये."

"आमच्या सुनेला सांग की एकदा. आपल्या भाषेत सांगून तिला कळत नाही."

ही इंग्रजी फ्रिजवरून आली होती. तीन वर्षांपूर्वी सु-झूच्या आईला अर्धांग झालं, पाठोपाठ डोकंही भरकटलं. तेव्हा कौ नावाच्या दलालानं फिलिपिन्सहून मेर्लिंडाला आणलं आणि तिच्यासोबत प्लास्टिक चढवलेला एक कागद दिला. घरात लागणारी सगळी वाक्यं त्यावर होती. बेड असेल तर मेक, कपडे असतील तर डू, औषध असेल तर टेक. का, ते विचारायचं नाही. कुणीतरी पत्रिका बघून लग्नं लावल्यासारखी ती जोडपी एकमेकांना चिकटलेली होती. पेज ढवळताना सु-झू ती घोकायची. चेंज द डायपर. बॉइल द वॉटर. टर्न ऑफ द लाइट. डोन्ट यूज द फोन.

कौनं जाताना कानात सांगितलं होतं, "ताई, तिच्याशी आपल्या भाषेत बोलू नका. भाषा आली की या पोरींना बाहेर मैत्रिणी मिळतात, मग एक दिवस बॅग उचलून पसार."

म्हणून पहिल्याच महिन्यात मेर्लिंडा अडखळत, हसत, इथल्या बोलीत "आमा जेवल्या", म्हणजे आजी जेवल्या, असं म्हणाली, तेव्हा सु-झूनं बोट वर केलं. "इंग्लिश."

मेर्लिंडाचं हसू जागच्या जागी विरलं. "येस, मॅडम." त्यानंतर ती सु-झूसमोर बोलीतला एक शब्द बोलली नाही.

आणि आता, भर दुपारी, गाडी धुताना कौचा फोन आला.

"ताई, तिचा करार संपतोय. थांबत नाही म्हणते. सिंचूच्या फॅक्टरीत जायचंय तिला."

सु-झूच्या हातातलं पातेलं तसंच राहिलं. "असं कसं जाईल?"

"जाईल. कायद्यानं जाता येतं. मी दुसरी आणून देतो ना."

"दुसरीच्या हातचं आई खात नाही, कौ साहेब. तुम्हाला माहितेय."

माहीत होतंच. मागच्या वर्षी मेर्लिंडा सुट्टीवर गावी गेली, तेव्हा आईनं ओठ मिटले ते मिटलेच. सु-झू भरवून थकली, भावजय ताइपेईहून येऊन थकली, नर्सनं हात टेकले. शेवटी हॉस्पिटलात नाकातून नळी घातली आणि ती उपसू नये म्हणून आईचे दोन्ही हात खाटेच्या दांड्याला बांधले. बांधलेल्या हातांपैकी धडक्या हाताची बोटं दिवसभर हलत होती, माशाचे काटे काढावेत तशी. मेर्लिंडा परतली आणि नळी निघाली. डॉक्टर म्हणाले होते, पुन्हा घालायची वेळ आली तर ती निघायची नाही.

"मग तुम्हीच बोलून बघा," कौ म्हणाला. "तुम्हाला येते की इंग्रजी. शनिवारी मी कागद घेऊन येतो, सही थांबायची की जायची ते तेव्हा बघू."

त्या संध्याकाळी सु-झू फ्रिजसमोर उभी राहिली. कागद वरपासून खालपर्यंत वाचला, मग उलटा करून पाहिला. 'सोडून जाऊ नकोस' त्यावर कुठेच नव्हतं.

तिनं फोनमधल्या भाषांतराचा आधार घेतला. तोंडाशी धरून म्हणाली, "तू राहा, मी तुझ्या पाया पडते." फोन बातम्या दिल्यासारख्या आवाजात काहीतरी बोलला. मेर्लिंडानं वाकून फोनलाच उत्तर दिलं, आणि फोननं ते त्याच आवाजात सु-झूला ऐकवलं: धन्यवाद, परंतु नाही. माणसानं नाही म्हटलं तर निदान भांडता येतं. यंत्राशी काय भांडणार?

दुसऱ्या दिवशी ल्याओ बाई पेज खायला आल्या. गल्लीतल्या शिकवणीत पोरांना इंग्रजी शिकवणारी, सु-झूला मुलगी शोभेल अशा वयाची पोर. सु-झूनं तिच्या वाडग्यात माशाच्या पोटाचा जास्तीचा तुकडा टाकला आणि समोर बसली.

"मावशी, आज काय विशेष?"

"मला इंग्रजी शिकव. शनिवारपर्यंत."

"तुम्हाला येते ना? काय काय येतं, म्हणून दाखवा."

सु-झूनं पाठ ताठ केली आणि सगळा कागद धडाधडा म्हणून दाखवला. उच्चारही चोख होते. ल्याओ बाईंचा चमचा मात्र वाडग्यातच राहिला.

"मावशी, ही सगळी फर्मानं झाली."

"मग? काम करून घ्यायला आणखी काय लागतं?"

"तिला कधी काही विचारता की नाही? बरं वाटतंय का, जेवलीस का?"

"जेवते ती. चांगली जेवते."

"रविवारी सुट्टी देता?"

"तिनं मागितलीच नाही कधी."

"मागितली असती तर तुम्हाला कळलं असतं?"

सु-झूनं फडकं घेऊन स्वच्छ टेबल पुन्हा पुसलं. "तू शिकव. वाद नंतर घालू."

मग रोज सकाळी गिऱ्हाइकांच्या मधोमध शिकवणी सुरू झाली. टेक अ रेस्ट. हॅव अ सीट. मेक अ मिस्टेक. कीप अ प्रॉमिस. पुन्हा तीच ठरलेली लग्नं, फक्त घराणी वेगळी. भात मागणाऱ्याला सु-झू "हॅव अ सीट" म्हणायची आणि तो घाबरून पैसे काढायचा.

"मावशी, आवाज खाली. हे प्रेमानं म्हणायचं असतं."

"बाजारात आवाज खाली केला तर मासे कुजतात."

घरी तर फजितीच झाली. मेर्लिंडा लादी पुसत होती. सु-झू दारात उभी राहून गरजली, "टेक अ रेस्ट!" मेर्लिंडानं दचकून बादली उचलली आणि दुसऱ्या खोलीत जाऊन पुसायला लागली. "हॅव अ सीट" म्हटल्यावर ती खुर्चीच्या कडेवर हात जोडून बसली, पोलिसांनी बोलावल्यासारखी. सु-झूला पुढचं वाक्य आठवेना. मग आतून आईनं हाक मारली, "आ-मे!" आणि मेर्लिंडा सुटका झाल्यासारखी धावली.

लेकीसमोर लेकीचं नाव आईच्या तोंडी कधीपासून नव्हतं. आ-मे, आ-मे, एवढंच; मेर्लिंडाला तिनं दिलेलं नाव.

शनिवारी कौ आला. कागद टेबलावर मांडले, पेनाचं टोपण काढून ठेवलं. मेर्लिंडा समोर बसली. सु-झूनं दोन्ही हात मांडीवर घट्ट धरले आणि ल्याओ बाईंनी घोटून घेतलेलं म्हणायला लागली.

"आय मेड अ मिस्टेक. यू हॅव अ डे ऑफ. एव्हरी संडे. आय कीप... आय कीप अ प्रॉमिस. प्लीज." तिथं संपायचं होतं, पण ती थांबेना. "प्लीज टेक... टेक माय मदर... गिव्ह..." शब्द एकमेकांच्या अंगावर पडायला लागले. शेवटी कागदावरचंच बाहेर आलं, सगळ्यात खालचं, ठणठणीत: "डोन्ट गो आउट!"

कौ हसायला लागला आणि सु-झूचा चेहरा पाहून थांबला.

"आ-झू," मेर्लिंडा म्हणाली. "राहू दे ती इंग्रजी."

शब्द सु-झूच्याच बोलीतले होते. हेलही आईच्या मत्स्यतळ्यांवरच्या गावाचा, जुन्या बायकांचा. आ-झू म्हणून तिला या जगात एकच माणूस हाक मारायचा, तिची आई.

"तुला... कुठून येतं हे?"

"आमांकडून. तुम्ही बाजारात गेलात की त्या दिवसभर बोलतात."

"म्हणजे मी फोनवर भावाशी बोलायचे ते..."

"सगळं. हत्तीसारखी खाते म्हणालात, तेही."

"मग बोलली का नाहीस गं तीन वर्षं?"

मेर्लिंडानं फक्त एक बोट वर केलं. सु-झूला पाहवेना. कौ छताकडे बघायला लागला.

"रविवार दे, पगार वाढव, काय हवं ते सांग," सु-झू म्हणाली. आपल्या भाषेत शब्द भराभर येत होते, पण उपयोग नव्हता. "नळी घालतील गं तिला. हात बांधतील."

"माहितेय मला. मीच सोडले होते ना ते हात." मेर्लिंडानं कंबर दाबली. "आमांना उचलून उचलून पाठ गेली माझी. फॅक्टरीत खुर्ची असते, आ-झू. माझी बहीणही तिथेच आहे." तिनं पेन घेतलं आणि जायच्या कागदावर सही केली.

कौ गेल्यावर सु-झू बसल्या जागी रडली, नाक ओढत, बाजारातल्यासारखी मोठ्यानं. मेर्लिंडानं तिला थांबवलं नाही. आत जाऊन पेजेचा वाडगा आणला आणि तिच्या हातात ठेवला.

"चला. महिनाअखेरपर्यंत आहे मी. भरवा."

सु-झू आईच्या खाटेपाशी गेली, चमचा पुढे केला. "आई, तोंड उघड."

ओठ मिटले.

"उघड ना गं. मरशील अशानं."

आणखी मिटले.

"तसं नाही म्हणायचं," मेर्लिंडा मागून हळूच म्हणाली. "आमा माशाच्या तळ्यावर कामाला होत्या ना? मग म्हणा: आमा, मासा आजचा आहे का कालचा, तुम्ही जरा चाखून सांगता? मला नाही कळत, तुमच्याशिवाय कुणाला कळणार? म्हणा."

सु-झूनं म्हटलं. आई भिंतीकडे बघत राहिली.

"आवाज खाली. आणि शेवटी थांबा. उत्तर द्यायला वेळ द्या त्यांना."

पुन्हा म्हटलं. पुन्हा. पेज निवत गेली. मेर्लिंडानं ती गरम करून आणली. सु-झूचा आवाज एव्हाना बसला होता, ओरडायचं म्हटलं तरी ओरडता आलं नसतं.

"आमा," ती घोगरं म्हणाली, "मासा आजचा आहे का कालचा, तुम्ही चाखून सांगता?" आणि थांबली.

म्हातारीची मान वळली. ओठ सुटले. तिनं घास घेतला, जिभेवर घोळवला, गिळला.

"आजचाच आहे," ती म्हणाली. लेकीच्या तोंडाकडे निरखून बघत तिनं कपाळाला आठी घातली. "उशीर केलास, आ-मे."

सु-झूनं पुढचा चमचा भरला.

"हो, आमा," ती म्हणाली. "झाला उशीर."