कॅव्हिटीतला कण

नायोबियम धातूची कॅव्हिटी म्हणजे टपोऱ्या मण्यांच्या माळेसारखी दिसणारी पोकळ नळी. कणत्वरकात तिच्यात रेडिओलहरी सोडून कणांना वेग देतात. आतल्या भिंतीवर धुळीचा एक कण राहिला तरी तिथून क्ष-किरण फुटतात आणि सारं बिघडतं. म्हणून ती अतिशुद्ध पाण्याच्या फवाऱ्यानं धुतात आणि क्लीनरूममध्ये डोळे सोडून सगळं अंग झाकून जोडतात. आमच्या सरकारी प्रयोगशाळेत जोडणारी मी. पावडर, काजळ, कुंकू, सगळं वर्ज्य.

त्या चैत्रात, जोडणीच्या आदल्या संध्याकाळी देवासला आमच्या घरी चैत्रगौरीचं हळदीकुंकू होतं. मी लांबच बसले होते. सासूबाईंनी सगळ्यांदेखत हाक मारली, "सूनबाई, इकडे ये. सवाष्णीनं कोऱ्या कपाळानं बसू नये." गेले, त्यांनी कुंकू लावलं. मग दोनदा डोकं धुतलं, सकाळी पुन्हा एकदा.

चाचणीच्या दिवशी कॅव्हिटी द्रवरूप हेलियमच्या टाकीत उतरवली. ती गार होईपर्यंत माझी नुसती उठबस चालली होती. मग आत लहरी सोडल्या, हळूहळू जोर वाढवला, आणि निम्म्या वाटेवरच क्ष-किरण मोजणाऱ्या यंत्रावरचा आकडा भराभर चढला. आत कण होता.

"धुलाई में रह गया होगा," आमचे प्रमुख म्हणाले. कॅव्हिटी धुणारा सहकारी मान खाली घालून उभा राहिला. कुंकवाचं मी सांगितलं नाही.

घरी चप्पलही न काढता सासूबाईंवर ओरडले, "तुमच्या त्या कुंकवापायी सगळ्यांची मेहनत पाण्यात गेली!" सकाळी त्यांनी पिशवी भरली आणि धारला बहिणीकडे निघून गेल्या. नवऱ्यानं एवढंच विचारलं, "तुला नक्की ठाऊक आहे?"

ठाऊक नव्हतं, आणि तेच आत खुपत होतं. त्याच दिवशी सहकाऱ्यासमोर प्रमुखांना सारं सांगितलं.

"मैडम, ये कल ही बोलना था," ते म्हणाले. "कण कहाँ से आया, अब कभी पता नहीं चलेगा. खोलो, फिर से धुलवाओ, जोडेंगी आप ही."

सहकारी चार दिवस माझ्याशी बोलला नाही. कॅव्हिटी मात्र त्यानं पुन्हा मन लावून धुतली. जोडताना माझी बोटं एकेका बोल्टवर अडत होती. दुसऱ्या चाचणीत जोर पुरा वाढवला, आकडा जागचा हलला नाही. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मला बसवेना.

रविवारी धार गाठलं. सासूबाई बहिणीच्या ओट्यावर मेथी निवडत होत्या.

"झालं का गं तुझं यंत्र बरं?"

"झालं."

"म्हणजे कुंकूच होतं."

"नाही कळलं, आई. बोल्टचा कीस असेल, पाण्यातलं काही असेल. मी उगाच तुमच्यावर ढकललं."

त्या काड्या खुडत राहिल्या. "मला वाटलं, सरकारचं यंत्र माझ्या हातानं बिघडलं. इथे कुणाला सांगायची सोय नाही. आठ दिवस डोळ्याला डोळा नाही माझ्या."

मी एक जुडी ओढली आणि निवडायला बसले. थोड्या वेळानं त्या म्हणाल्या, "आज नाही येत मी. गुरुवारी येईन."

आल्याही, गुरुवारी. पण त्या रविवारी मी एकटीच परतले. सोमवारी पुढची कॅव्हिटी जोडायची होती. बस निम्मी रिकामी होती, आणि वाटेतलं घाटाबिल्लोद येईपर्यंत मी तीनदा जागा बदलली.