आक्काच्या विहिरीचं पाणी

माझ्या थोरल्या बहिणीला, आक्काला, आमच्याच गावात, निरवांगीत दिलंय. तिचं रान माझ्या बांधाला लागून, उताराच्या अंगाला. माझ्या उसाला दिलेलं जादा पाणी तिच्या विहिरीत उतरतं, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. पाण्याबरोबर आणखी काय उतरतं, ते मला ठाऊक होतं. बारामतीत राहून शेतकी शिकलोय मी. युरिया मातीत पडला की आधी त्याचा अमोनियम होतो, तो चिकणमातीला धरून राहतो. पण आपल्या तापलेल्या रानात थोड्याच दिवसांत त्याचं नायट्रेट होतं, आणि नायट्रेट काही माती धरून ठेवत नाही. पाट सोडला की ते पाण्याबरोबर खाली जातं. हे मी पारावर चारचौघांना ऐकवायचो आणि रानात येऊन युरियाची आणखी एक गोणी फोडायचो. आपला ऊस शेजाऱ्यापेक्षा काळाभोर दिसला पाहिजे, ही माझी खाज.

आक्का मात्र खुशीत असायची. "माज्या हिरीच्या पाण्यातच कस हाय. युरिया न टाकता ऊस कसा आलाय बघ," असं येईल त्याला सांगायची. मी तिच्या हातची भाकरी खात मान डोलवायचो.

मग तिला नातू झाला. सुनेला दूध पुरेना, म्हणून बाळाला डब्याच्या पावडरीचं दूध सुरू झालं. मी बघायला गेलो तेव्हा आक्का गॅसवर विहिरीचं पाणी खळखळ उकळत होती.

"चांगलं आटवून घेते. बाळाला बाधायला नगं," ती म्हणाली.

उकळून जंतू मरतात, पण नायट्रेट जात नाही. पाणी आटलं की ते उलट वाढतं, आणि तान्ह्या बाळाच्या रक्तात गेलं तर अंग निळं पडू शकतं. मी तिच्या हातातली बाळाची दुधाची बाटली काढून घेतली. "हिरीचं नगं. जारचं पाणी मी आणून देतो," एवढंच बोललो. का, ते सांगायची लाज वाटली.

त्या दिवसापासून मी मोटरसायकलवरून जार पोचवू लागलो. भाऊ असावा तर असा, असं आक्का आळीभर सांगत सुटली. ते कानावर आलं की घास गोड लागायचा नाही. युरिया मी निम्म्यावर आणला, तसा माझा ऊस फिकट पडला.

ते आक्कानं पाहिलं. एका सकाळी ती पाईपचं भेंडोळं घेऊन बांधावर उभी. "तुजा ऊस पिवळा पडलाय. माजं पाणी घे, त्यात कस हाय."

आता गप्प बसवेना. "आक्का, तो कस माज्या युरियाचा हाय. म्हणूनच बाळाला ते पाणी पाजू दिलं न्हाय."

"तुला आधीपास्नं म्हाईत व्हतं?"

"व्हय."

पाईप बांधावरच टाकून ती घराकडं गेली.

दुसऱ्या दिवशी मी जार घेऊन गेलो, तर ओसरीवर आधीच एक भरलेला जार होता. बाळ सुनेच्या मांडीवर दूध पीत होतं. आक्का दारातूनच म्हणाली, "माजं पोरगं जार आणतंय आता. तू नगं येऊस."

माझा जार मी तसाच माघारी आणला.